रिकाम्या हातांनी चालणे

ऊन कलल्यावर गावाबाहेर पडावे, तळ्याच्या पाळीवरून अथवा झाडीतून अर्धा कोस सावकाश चालावे, आणि काहीही न मिळविता घरी परतावे, ह्यात काही दोष आहे काय? हा प्रश्न पुष्कळांस क्षुल्लक वाटेल. ज्यांस वैद्यांनी रक्तातील साखर कमी करण्याकरिता चालावयास सांगितले आहे, त्यांच्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. त्यांचे चालणे हे औषधच होय. आम्ही बोलत आहो ते ज्या चालण्यात नफा नाही, काम नाही, केवळ मनाचा संतोष आहे, अशा चालण्याविषयी. खेड्यात राहणाऱ्या मनुष्यास हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, कारण तो रिकाम्या हातांनी निघाला असता ज्यांचे हात भरलेले आहेत असे लोक त्यास वाटेवर भेटतात.

आमचे लोहे नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आमच्या मराठवाड्यात वन थोडे. किनवट व माहूर ह्या बाजूंस सागाचे रान आहे खरे, पण ते आम्हांपासून दूर. आमच्या वाट्यास बाभूळ, कडुनिंब, बोर, तरवड आणि फाल्गुनात पेटल्यासारखा दिसणारा एखादा पळस. तथापि पाण्याकाठच्या वाटा आम्हांस पुष्कळ लाभल्या आहेत. तालुक्यात लिंबोटीस ऊर्ध्व मानार प्रकल्पाचा मोठा जलाशय आहे; शेजारी कंधारास जगत्तुंग समुद्र नावाचे राष्ट्रकूटकालीन तळे आहे; आणि गावोगावी लहानमोठे पाझर तलाव आहेत. सायंकाळी अशा पाळीवर उभे राहिले म्हणजे बगळे ओळीने परत जाताना दिसतात, टिटवी ओरडते, खंड्या पाण्यावर सूर मारितो, आणि दिवसभराच्या चिंता थोड्या दूर सरतात. हे सुख खोटे नाही. इसहाक संध्याकाळच्या वेळी मनन करावयास शेतात गेला होता, हे आपणांस ठाऊक आहेच.

असाच मी एके दिवशी गावाजवळच्या पाझर तलावाच्या पाळीवरून चाललो होतो. समोरून सत्तरीकडे झुकलेली एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली. तिने विचारिले, “कुनीकडं निघालाव, पाळकसायेब?”

खरे सांगतो, मला उत्तर देताना लाज वाटली. “कोठे नाही, मावशी. सहज फिरावयास आलो,” असे मी म्हणालो.

ती म्हणाली, “बरं हाय. फिरावं मानसानं. म्या बी लई फिरले ह्या पाळीवर. पर डोईवर पाटी व्हती.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते मनास लागले. भारा खाली ठेवून ती बसली आणि तिने सांगितले ते असे. सन १९७२ च्या दुष्काळात ती नुकतीच लग्न होऊन आलेली, पंधरा-सोळा वर्षांची मुलगी होती. सरकारने दुष्काळी कामे काढिली, त्यांत हा तलाव होता. पुरुष खणीत, बाया पाट्या वाहत. कामावर सुकडी मिळे, तिच्यातली थोडी पदरात बांधून ती घरी सासऱ्याकरिता नेई. जी पाळ मी ईश्वराने निसर्गात घालून ठेविली असावी अशा निश्चिंतपणे तुडवीत होतो, ती ह्या बाईच्या आणि तिच्यासारख्या शेकडोंच्या मानेवरून आलेली होती. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

महाराष्ट्रात त्या दुष्काळात असे असंख्य रस्ते, बांध व तलाव झाले. हाताला काम मागण्याचा मनुष्यास हक्क आहे, ही गोष्ट पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने मान्य झाली, तिच्या मुळाशीही हीच उपासमार व हेच श्रम होते. कंधारचे तळे पाहा. जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद ह्याचे बिरुद. बिरुद हजार वर्षांहून अधिक काळ पाण्यावर राहिले. माती वाहणाऱ्यांपैकी एकाचेही नाव राहिले नाही. आणि मोठ्या धरणांविषयी तर आणखी एक गोष्ट स्मरली पाहिजे. जेथे आज पाणी चकाकते, तेथे पूर्वी कोणाचे तरी शेत होते. तळ्याकाठची सोपी वाट अशी सोपी नसते. तिचे मोल कोणीतरी आधीच देऊन ठेविलेले असते.

मग काय, घरी बसावे? काही सद्‌गृहस्थ असे म्हणतील की, जेथे दुसरे राबत आहेत तेथे आपण मौजेने चालणे हाच अन्याय होय. हे म्हणणे वरवर फार धार्मिक वाटते, पण मला ते पटत नाही. मी घरी बसलो म्हणून त्या बाईच्या डोक्यावरचा भारा एका काडीनेही हलका होत नाही. उलट, मी त्या वाटेने गेलो नसतो तर ती पाळ कोणी बांधली हे मला कळलेही नसते. जो चालत नाही तो मोटारीच्या काचेतून आपला गाव पाहतो, आणि काचेआडून कोणी कोणाची विचारपूस करीत नाही.

दुसऱ्या बाजूस असेही म्हणणारे आहेत की, निरुद्देश चालणे हे थोर मनांचे लक्षण आहे व त्याविषयी कोणास जाब देण्याचे कारण नाही. अमेरिकेतील थोरो नामक ग्रंथकाराने चालण्यावर एक निबंध लिहिला, तो त्याच्या मृत्यूनंतर १८६२ साली छापून आला. आपण दिवसाचे चार तास तरी रानावनांतून हिंडल्यावाचून निरोगी राहू शकत नाही, असे त्याचे सांगणे आहे. मी त्याच्याशी भांडत नाही. एके दिवशी सारे रान कुंपणे घालून थोड्यांच्या मौजेकरिता वाटून घेतले जाईल, ही त्याची भीतीही खरी होती. परंतु दिवसाचे चार तास ज्याच्याजवळ आहेत, त्याने ते कोठून आले हे एकदा तरी विचारावयास नको काय?

मला अधिक शिकविले ते इंग्लंडातील गिरणीकामगारांनी. मँचेस्टरच्या आसपासचे कामगार आठवडाभर धुरात राबत आणि रविवारी डोंगरावर जाऊ इच्छीत. पण ते माळ जमीनदारांनी शिकारीकरिता राखून ठेविले होते. तेव्हा १९३२ च्या एप्रिल महिन्यात किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर शेकडो तरुण मनाई मोडून चढले. त्यांतील काहींस तुरुंगवास झाला. पुढे १९४९ साली तेथे राष्ट्रीय उद्यानांचा व मोकळ्या रानात जाण्याच्या वाटांचा कायदा झाला. ह्या लोकांनी भाकरी मागितली नव्हती, मजुरी वाढवून मागितली नव्हती. त्यांनी नुसते चालण्याचा हक्क मागितला. आणि तो कोणी मागितला? रिकामटेकड्यांनी नव्हे, तर राबणाऱ्यांनी. ह्यावरून दिसते की, काही कामावाचून मोकळ्या हवेत चालणे ही श्रीमंतांची चैन नसून श्रम करणाऱ्या देहाची व मनाची भूक आहे. शब्बाथाच्या आज्ञेतही विसावा केवळ घरधन्यास दिलेला नाही. दास, दासी, बैल व गाढव ह्या सर्वांस तो नेमून दिला आहे.

तेव्हा आमच्या प्रश्नाचे उत्तर मला असे दिसते. सहज चालण्यात दोष नाही. दोष आहे तो विसावा हा आपलाच एकट्याचा वाटा असे मानण्यात. आमच्या भागात तर मुख्य उणीव वाटांची नाहीच. येथील बाई आयुष्यभर चालते: पाण्यास, सरपणास, खुरपणीस, बाजारास. माळेगावच्या यात्रेसही ती चालत जाते. पावले मोजली तर थोरोसही ती मागे टाकील. तिला जे कधीच मिळाले नाही ते चालणे नव्हे, तर रिकामे हात होत.

त्या सायंकाळी मी तिला विचारिले, “मावशी, तुम्ही कधी नुसत्या येता काय येथे, पाणी पाहावयास?” ती माझ्याकडे बघून हसली. “नुसतं? नुसतं येऊन काय करू, बाबा? घरला पानी कोन भरील?” मग तिने भारा उचलण्यास हात लावावयास सांगितले. मी हात लाविला आणि ती निघून गेली. तो भारा उचलून देताना माझ्या ध्यानात आले की, तो किती जड आहे हे इतक्या वर्षांत मी कधी पाहिलेच नव्हते.

वाचकहो, तिचा प्रश्न मी आपल्यापुढे तसाच ठेवितो, कारण त्याचे उत्तर कोणत्याही ग्रंथात नसून आपापल्या घरी आहे. पाणी कोण भरील? ज्या पुरुषास तळ्याकाठी फिरावेसे वाटते, त्याने खुशाल फिरावे, पण आठवड्यातून एक सायंकाळ त्याने आपल्या घरचा हंडा उचलावा, चूल पेटवावी, वासरू बांधावे, आणि घरातील बाईस म्हणावे, “आज तू जा. पाळीच्या पलीकडच्या टोकापर्यंत जा, आणि येताना काहीही आणू नकोस.” प्रथम शेजारी हसतील. तीही कदाचित जाणार नाही. इतक्या वर्षांची सवय एका दिवसात सुटत नाही. तरी म्हणत राहावे.

ज्या दिवशी ती मावशी स्वतः बांधलेल्या पाळीवर डोक्यावर काही न घेता उभी राहून बगळे पाहील, त्या दिवशी माझ्या सायंकाळच्या फेरीची मला लाज वाटणार नाही.