बारा वर्षांचा उशीर

वाचन : मार्क ५:२१–३४



रक्तस्रावानें पीडलेल्या बाईची गोष्ट आपल्या मंडळ्यांत वर्षांतून एकदां तरी वाचिली जाते. तिच्या विश्वासावर आपण पुष्कळ उपदेश ऐकिले आहेत, व ते योग्यच आहेत. परंतु मार्क तिच्या विश्वासाविषयीं बोलण्यापूर्वीं तिच्या पैशांचा हिशेब देतो, आणि त्या हिशेबावरून आपण बहुधा घाईनें पुढें जातों. बारा वर्षें दुखण्यांत गेलीं. अनेक वैद्य झाले. त्यांच्या उपायांनीं तिचे हालच झाले. गांठीं होतें नव्हतें तें सरलें. आणि शेवटीं दुखणें पहिल्यापेक्षां बळावलें. लूकानें हीच गोष्ट लिहितांना दुखणें बळावल्याचा उल्लेख गाळला आहे. तो स्वतः वैद्य होता, म्हणून त्यानें आपल्या धंद्याची बाजू थोडी सांवरली असावी, असें कित्येक भाष्यकार म्हणतात. मार्कानें मात्र कांहीं झांकलें नाहीं.

एका गरीब बाईच्या औषधपाण्याचा खर्च देवाच्या वचनांत लिहून ठेविला आहे, ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून आज आम्ही त्या खर्चाविषयीं, तिच्या लाजेविषयीं आणि तिच्या वाया गेलेल्या वर्षांविषयीं चार शब्द लिहीत आहों.

पहिली गोष्ट, तिचा खर्च. ही बाई आपण सर्वांनीं सोलापुरांत पाहिली आहे. शहराच्या पूर्व भागांतील एखाद्या गल्लींत दाराशीं सूप घेऊन ती विड्या वळीत बसलेली असते. तिची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानें मिळते. हात थांबला कीं मजुरी थांबली. दुसरी तिचीच बहीण जिल्ह्यांतील उसाच्या फडांत मोळ्या बांधते. तेथें नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि एकीचा खाडा झाला तर दोघांच्या मजुरींतून पैसे कापले जातात.

अशा बाईला दवाखान्याची किंमत डॉक्टरच्या फीएवढीच पडत नाहीं. त्या दिवसाची मजुरी बुडते. सोबत येणाऱ्याचीही बुडते. एस.टी.चें भाडें लागतें. तपासणीचा कागद दोन दिवसांनीं मिळेल असें सांगितलें कीं पुन्हां भाडें व पुन्हां खाडा. म्हणून ती दुखणें अंगावर काढते. आपल्या भाषेंतला हा शब्दप्रयोग गरिबांच्याच घरीं जन्मला असावा. श्रीमंत मनुष्य दुखण्यावर इलाज करितो. गरीब तें अंगावर काढितो, आणि अंगाला तें पेलेनासें झालें म्हणजे मग घरांतील शेळी व अंगावरचें डोरलें विकून मोठ्या दवाखान्याची वाट धरितो.

या बाबतींत सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. सोलापुरांत १९६३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, व त्याचें सर्वोपचार रुग्णालय गरिबांचा मोठा आधार आहे. २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होता. २०१७ पासून त्या योजनेला महात्मा फुले यांचें नांव दिलें आहे, आणि २०२४ पासून तिच्यांत कुटुंबामागें वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली आहे. तिच्यामुळें कित्येकांचे प्राण व कित्येकांचीं घरें वांचलीं. त्याबद्दल आपण देवाचे आभार मानावे. परंतु ही सोय मुख्यत्वें रुग्णालयांत दाखल झालेल्या रोग्यासाठीं आहे. जी बाई अजून सुपापुढून उठलेलीच नाहीं, आपणांस रोग आहे हेंच जिला ठाऊक नाहीं, तिच्या दारापर्यंत ही योजना जात नाहीं.

आणि पैसा खर्चून दुखणें बळावतें, हें मार्काचें म्हणणें आजही खोटें ठरलेलें नाहीं. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड मजूर स्त्रियांची २०१९ सालीं चौकशी झाली. ज्या ८२,३०९ जणींची पाहणी झाली, त्यांपैकीं १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. पिशवी ठेविली तर कर्करोग होईल अशी भीति आपणांस घातली गेली, असें कित्येकींनीं सांगितलें. त्यांतल्या अनेक जणी ऐन तारुण्यांत होत्या. कर्ज काढून त्यांनीं शस्त्रक्रिया करून घेतली, आणि पुढें कंबरदुखी व अशक्तपणा घेऊन त्या पुन्हां फडांत उभ्या राहिल्या. ज्या रोगाची भीति घालून त्यांचा पैसा घेतला, त्या रोगाची साधी तपासणी मात्र त्यांच्या वस्तीवर कोणी नेली नव्हती.

दुसरी गोष्ट, तिची लाज. शुभवर्तमानांतील ती बाई प्रभूच्या समोर आली नाहीं. गर्दींतून मागून आली. तिचें दुखणें सांगण्याजोगें नव्हतें. नियमशास्त्राप्रमाणें ती अशुद्ध होती, व तिचा स्पर्शही लोक टाळीत. आपल्याकडे नियमशास्त्र नाहीं, तरी तीच लाज आहे. आपल्या बायका हें दुखणें सासूला सांगत नाहींत, नवऱ्याला सांगत नाहींत. फार झालें तर शेजारणीच्या कानांत “अंगावरून जातें” एवढेंच म्हणतात. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, ज्याला गांवांत पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात, तो याच लाजेच्या आड वाढतो. त्या बाईला हाच रोग होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तिची लाज आणि आपल्या बहिणींची लाज एकच आहे.

तिसरी गोष्ट, तिचीं वर्षें. येथें आम्हांला आपल्याच जिल्ह्यांतील एक काम आपल्यापुढें ठेवावयाचें आहे. सोलापुराहून सुमारें ७० किलोमीटरांवर बार्शी येथें नर्गिस दत्त यांच्या नांवाचें कर्करोग रुग्णालय आहे. तेथें १९८७ सालीं बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ खेड्यांसाठीं कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागासाठीं अशी नोंदवही भारतांत प्रथम येथेंच झाली. शहरांत नोंद करणारा मनुष्य रुग्णालयांत बसून रोग्यांचीं नांवें लिहून घेऊं शकतो. खेड्यांत तसें चालेना, कारण तेथील रोगी रुग्णालयापर्यंत पोंचतच नव्हते. म्हणून या कामांतील लोक गांवोगांव गेले, लोकांशीं बोलले, कोणतीं चिन्हें दिसलीं असतां तपासून घ्यावें हें त्यांनीं समजावून सांगितलें, व पुन्हां पुन्हां जात राहिले. याचें फळ कांहीं वर्षांतच दिसूं लागलें. रोग लहान असतांनाच दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांचें प्रमाण वाढलें. कोणतेंही नवें औषध निघालें नव्हतें. कोणी तरी दारीं जाऊन बोललें होतें, एवढेंच.

पुढें १९९९ सालीं याच रुग्णालयानें, मुंबईचें टाटा स्मारक केंद्र व फ्रान्स देशांतील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या सहकार्यानें, शेजारच्या उस्मानाबाद म्हणजे आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत मोठें काम हातीं घेतलें. ३० ते ५९ वर्षें वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे, त्यांच्या गांवांप्रमाणें, चार गट केले. पहिल्या गटांत ज्या विषाणूमुळें हा रोग होतो त्या एच.पी.व्ही.ची तपासणी केली. दुसऱ्या गटांत पेशी काढून त्या सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या. तिसऱ्या गटांत सौम्य आम्लाचा बोळा लावून डोळ्यांनीं परीक्षा केली. चौथ्या गटाला तपासणी कोठें मिळते एवढें सांगितलें, परंतु तपासणी नेली नाहीं.

खेड्यांतील बायका अशा तपासणीला येणार नाहींत असें म्हणणाऱ्यांनीं ऐकावें : बोलाविलेल्या दर पांच जणींपैकीं सुमारें चार आल्या. आठ वर्षांच्या पाहणीनंतर २००९ सालीं न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या मान्यतेच्या नियतकालिकांत त्याचा हिशेब छापला गेला. चौथ्या गटांतील ३१,४८८ स्त्रियांपैकीं ६४ जणी या रोगानें मेल्या होत्या. विषाणूची तपासणी झालेल्या गटांतील ३४,१२६ स्त्रियांपैकीं ३४ मेल्या होत्या. इतर दोन रीतींनीं मृत्यु इतके घटले नाहींत. आयुष्यांतून एकदां झालेल्या तपासणीनें मरण निम्म्यावर आलें.

याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. हा रोग एका दिवसांत होत नाहीं. विषाणूचा संसर्ग झाल्यापासून खरा कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा, पंधरा किंवा त्याहूनही अधिक वर्षें जातात. त्या अवधींत सांपडला तर तो थोडक्या उपचारानें थांबतो. म्हणजे तीं बारा वर्षें नुसतीं दुःखाचीं नसतात. तीं सवडीचींही असतात. कोणी वेळेवर गेलें तर तीं वर्षें देवाची कृपा ठरतात, आणि कोणी न गेलें तर तींच वर्षें मरणाची वाट होतात.

चौथ्या गटाविषयीं पुष्कळांनीं कठोर प्रश्न विचारले आहेत, आणि ते विचारण्याजोगेच आहेत. तपासणी कोठें मिळते एवढें सांगणें पुरेसें नव्हतें, हें त्या ६४ कबरींनीं व चितांनीं दाखविलें. परंतु, बंधूंनो, दुसऱ्यांस दोष देऊन आपण सुटत नाहीं. ही गोष्ट जगाला कळली ती आपल्या शेजारच्या खेड्यांतील बायकांच्या जिवावर कळली, आणि ती कळल्यावर आपण काय केलें? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत या देशांतील ३० ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकीं जेमतेम दोघींची ही तपासणी कधीं तरी झालेली आढळली. राहिलेल्या अठ्ठ्याण्णव जणी अजून चौथ्याच गटांत आहेत. त्यांत आपली आई आहे, आपली पत्नी आहे, रविवारीं चटईवर आपल्या मागें बसणारी विधवा आहे.

आतां प्रभूकडे पाहूं. तो याईराच्या घरीं निघाला होता. याईर सभास्थानाचा अधिकारी. त्याची बारा वर्षांची मुलगी मरणोन्मुख होती, आणि घाई करणें रास्त होतें. अशा वेळीं प्रभु एका नांव नसलेल्या बाईसाठीं वाटेंत थांबला. शिष्यांना तो वेळेचा अपव्यय वाटला. पण प्रभूनें तिला शोधिलें, तिची सर्व हकीकत शेवटपर्यंत ऐकून घेतली, आणि जिला कोणी शिवत नव्हतें तिला चारचौघांत मुलगी म्हणून हांक मारिली. तिचें शरीर तर आधींच बरें झालें होतें. तो थांबला तो तिची लाज काढून टाकावयास. आणि याईराची मुलगीही वांचली. गरिबासाठीं दिलेला वेळ दुसऱ्याच्या लेकराचा चोरलेला नव्हता.

मग आपल्या मंडळ्यांनीं काय करावें? आमच्या मतें पुढील गोष्टी प्रत्येक गांवांत होऊं शकतात.

पाळकांनीं व वडीलमंडळींनीं हा विषय स्त्रियांच्या सभेंतच न ठेवितां पुरुषांसमोरही काढावा. पाळी गेल्यावर पुन्हां रक्त जाणें, दोन पाळ्यांच्या मध्यें किंवा पतिपत्नीच्या संबंधानंतर रक्त जाणें, दुर्गंधीयुक्त पाणी जाणें, यांतील कोणतेंही चिन्ह असेल तर त्याच आठवड्यांत डॉक्टरकडे जावें, हें नवऱ्यांनीं ऐकिलें पाहिजे. कांहींच चिन्ह नसलें तरी तिशी उलटलेल्या प्रत्येक स्त्रीनें तपासून घ्यावें. अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून व्हावी असें सरकारचें धोरण आहे. आशाताईंना विचारावें, आणि दहा जणींनीं मिळून विचारावें, म्हणजे नाहीं म्हणणें कठीण जाईल.

कोणतीही बाई एकटी जाऊं नये. मंडळींतील एका बहिणीनें तिच्याबरोबर जावें. तिचें भाडें व बुडालेली मजुरी यांसाठीं दानपेटींतून लहानसा निधि बाजूला ठेवावा. मोठा उपचार लागला तर शिधापत्रिका व आधारपत्र बरोबर घेऊन योजनेंतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला भेटावें. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांनीं १० टक्के खाटा निर्धनांसाठीं मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठीं सवलतीनें राखाव्या असा महाराष्ट्रांत नियम आहे. तो मागण्यास लाजूं नये. ती भीक नव्हे. तो हक्क आहे. आणि पिशवी काढा असें कोणी सांगितलें, तर सही करण्यापूर्वीं सरकारी रुग्णालयांत दुसरा सल्ला घ्यावा.

या गोष्टींना पैसा थोडा लागतो. थांबणें मात्र पुष्कळ लागतें. आपण सर्व जण कोणत्या ना कोणत्या याईराच्या घरीं निघालेलों असतों, आणि आपलें काम महत्त्वाचेंही असतें. तरी मागून कोणी वस्त्राला हात लाविला आहे काय, हें वळून पाहावयास आपण शिकूं या.

हे दयाळु पित्या, आमच्या घरांतील जी बहीण आज दुखणें लपवून कामाला बसली आहे, तिला बोलण्याचें धैर्य दे व आम्हांला ऐकण्याचे कान दे. तिचीं वर्षें वाया जाण्यापूर्वीं आमचे पाय तिच्या दाराकडे वळूं दे. येशूच्या नांवानें मागतों. आमेन.