अतिथीचा धर्म

अतिथीस देव मानावे, ही शिकवण आपणां सर्वांच्या कानांवर लहानपणापासून पडत आली आहे. यजमानाने पाणी द्यावे, आसन द्यावे, घासातला घास द्यावा, हे आपणांस पाठ आहे. परंतु अतिथीचे कर्तव्य कोणते, हा प्रश्न मात्र आपण स्वतःस क्वचितच विचारतो. आपल्यातील कित्येक कुटुंबे बदरी-केदारच्या यात्रेस जातात आणि तरुण मंडळी हिमालयात पदभ्रमणास निघतात. अशा काळी या प्रश्नाचा विचार टाळता येणार नाही, असे आम्हांस वाटते.

उत्तराखंडाच्या चमोली जिल्ह्यात ७,८१६ मीटर उंचीचे नंदादेवी शिखर आहे. भोवतालच्या लोकांस ते केवळ शिखर नाही. नंदा ही त्यांची सासरी गेलेली लेक. साधारणतः बारा वर्षांनी निघणाऱ्या राजजात यात्रेत ते तिला कैलासाकडे, सासरी, पोहोचवावयास जातात. आपल्याकडे गौरी माहेरी येतात, त्यांची पाठवणी करताना घरोघरी मन कसे भरून येते, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस हा भाव समजावून सांगावयास नको. तेथे जाणारा प्रत्येक प्रवासी हा एका माहेरघरी आलेला पाहुणा होय.

या पर्वताच्या कुशीतील रेणी गावी २६ मार्च १९७४ रोजी, पुरुष मंडळी गावाबाहेर असता, गौरादेवी व त्यांच्यासह २७ स्त्रियांनी झाडांपुढे उभे राहून ठेकेदाराच्या माणसांस परत लावले. त्याच सुमारास नंदादेवीचा प्रदेश परदेशी गिर्यारोहकांस खुला झाला. मोहिमांमागून मोहिमा आल्या. तळछावण्यांच्या जागी केरकचरा साठला. चुलींसाठी उंचावरील झुडुपे तोडली गेली. अखेर १९८२ साली राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि पुढील वर्षापासून आतील प्रदेश सर्वांस बंद करण्यात आला.

येथेच खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. कचरा टाकणारे आपापल्या देशी परतले. प्रायश्चित्त मात्र गावकऱ्यांच्या वाट्यास आले. मेंढपाळांची उन्हाळी कुरणे गेली, वनौषधी गेल्या, ओझी वाहण्याची मजुरीही गेली. ज्यांनी झाडे राखली, त्यांनाच अरण्याबाहेर ठेवणे हा न्याय म्हणावा काय? दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९३ व २००३ साली आत गेलेल्या अभ्यासकांना तेथील वनस्पती सावरत असल्याचे आढळले. म्हणजे पर्वतास विश्रांतीची गरज होती, हेही खरेच. निसर्गाचे हित आणि माणसाची भाकरी यांपैकी एकच निवडा, असा हा पेच दिसतो.

परंतु तो पेच अटळ नाही, हे लाता गावच्या लोकांनी दाखविले. ऑक्टोबर २००१ मध्ये तेथे जमलेल्या ग्रामस्थांनी एक जाहीरनामा संमत केला. पर्यटन यावे, पण त्यावर बाहेरच्यांची मक्तेदारी नसावी. लाभ सर्वांस मिळावा. आणि पर्वताचे रक्षण त्याच लोकांच्या हाती असावे, असा त्याचा आशय होता. २००३ पासून उद्यानाच्या एका भागात मर्यादित संख्येने, स्थानिक वाटाड्यांसह, प्रवेश मिळू लागला. जवळच हेमकुंड व पुष्पदरीच्या वाटेवर ग्रामस्थांची समिती वाट स्वच्छ राखते, आणि पुष्पदरीत कोणासही मुक्काम करू दिला जात नाही. २०१८ साली उत्तराखंडाच्या उच्च न्यायालयानेही उंचावरील कुरणांवर, ज्यांस तेथे बुग्याल म्हणतात, रात्रीच्या मुक्कामास मनाई केली.

यावरून अतिथीचा धर्म स्पष्ट होतो. प्रथम, यजमानाने आखलेली मर्यादा पाळावी. ‘इतकेच लोक’ म्हटले तर रागावू नये, आपली पाळी येईपर्यंत थांबावे. दुसरे, नेलेली प्रत्येक वस्तू परत आणावी, आणि ब्रह्मकमळ असो वा जडीबुटी, तेथील काही उपटू नये. जळण तोडण्यापेक्षा स्टोव्ह जवळ बाळगावा. तिसरे, गावच्या घरी उतरावे, गावचाच वाटाड्या घ्यावा, आणि हमालाशी मजुरीची घासाघीस करू नये. देवापुढे मुक्तहस्ताने दक्षिणा ठेवणारा गृहस्थ, ज्याच्या पाठीवर आपले ओझे आहे त्याच्याशी चार रुपयांसाठी हुज्जत घालतो, तेव्हा त्या दक्षिणेचे पुण्य कितीसे उरते?

कोणी म्हणेल, आम्ही पैसे मोजतो, मग हे बंधन कशाला? त्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी कडा व बर्फ कोसळून ऋषिगंगेस महापूर आला. त्याच रेणी गावाजवळून तो लोंढा गेला व दोनशेहून अधिक माणसे मृत अथवा बेपत्ता झाली. पाहुणा आठ दिवसांनी परततो. पर्वताची कृपा आणि कोप दोन्ही सोसत तेथे राहतो तो यजमान. ज्याच्या वाट्यास संकट आहे, त्याच्या वाट्यास लाभ आणि शब्द यांतही पहिला मान असावा, इतके तरी आपण मान्य केले पाहिजे.

देवळात पाऊल टाकण्यापूर्वी आपण पादत्राणे बाहेर ठेवतो. कोणी सांगावे लागत नाही. पर्वताच्या पायथ्याशी पोहोचल्यावर ‘येथे सारे माझ्यासाठी आहे’ ही भावना तशीच बाहेर ठेवावी. यंदा यात्रेस निघणाऱ्या बंधुभगिनींनी सामानाची यादी करताना एक रिकामी पिशवी कचऱ्यासाठी अवश्य घ्यावी, आणि ज्या गावी उतरतील तेथील रीत आधी विचारून घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.