शस्त्र धरलेल्या हाताकडे बघ

अमरावती

चि. छोटीस,


तू अकोल्याहून पाठवलेले फोटो मोठे करकरून पाहिले. चिलखतातला जपानी सामुराई, पिसांचा टोप घातलेला अमेरिकेतला मूलनिवासी, ढाल-तलवार घेऊन ताठ उभा राहिलेला आपल्याकडचा शिपाई. खाली तुझा प्रश्न : "आबा, हे खरेच योद्धे होते का?"

माणसं खरी आहेत, पोरी. हत्यारंही बहुतेक खरी. पण फोटो निघाला तेव्हा लढाई आसपास कुठं नव्हती. पुष्कळदा तर लढण्याची ती रीतच मोडीत निघाली होती. म्हणून असा फोटो हाती आला की आधी साल विचारायचं, शौर्याचं मग बघू.

सामुराईचंच घे. फेलिचे बीटो नावाचा छायाचित्रकार १८६३ साली योकोहामाला पोचला, तेव्हा तलवार कमरेला लावून हिंडणारे सामुराई रस्त्यात दिसत. पुढं १८७६ मध्ये जपान सरकारनं त्यांना तलवार बाळगायलाच बंदी केली. त्यामुळं फोटो थांबले असं मात्र झालं नाही. स्टुडिओवाले चिलखत जवळ ठेवत, मिळेल त्याच्या अंगावर चढवत, फोटोवर हातानं रंग भरत आणि परदेशी प्रवाशांना विकत. अमेरिकेतल्या एडवर्ड कर्टिसनं तिथल्या मूलनिवासींवर वीस खंड काढले, १९०७ ते १९३० या काळात. एका फोटोत तंबूत बसलेल्या दोघांच्या मधे घड्याळ होतं, ते त्यानं छापताना पुसून टाकलं. जुनं दिसायला हवं होतं ना! त्या माणसांकडे घड्याळ होतं, हीच मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

आपल्याकडे हौसेच्या जोडीला सरकारी गरज होती. १८५७ नंतर इंग्रजांना आपण कोणावर राज्य करतोय ते नीट ओळखून घ्यायचं होतं. 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ दरम्यान निघाला, साडेचारशेच्या वर फोटो त्यात. फोटोखाली बहुधा जात किंवा जमात, आणि ही मंडळी कितपत भरवशाची याचा शेरा. बहुतेकांचं नाव नाही. मुंबईत विल्यम जॉन्सन यानं तर स्टुडिओत काढलेली माणसं कापून दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवली होती. मग १८७८ चा शस्त्रांचा कायदा आला आणि तलवार, भाला, इतकंच काय धनुष्यबाणही परवान्याच्या कक्षेत गेला. घरातलं हत्यार जमा करा, आणि फोटोसाठी तेच हातात घेऊन उभे राहा, असा तो सगळा कारभार.

आपल्या वऱ्हाडातल्या लढवय्यांचे असे फोटो का सापडत नाहीत, असंही तू विचारशील. तुझ्याच जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ ला नागपूरच्या भोसल्यांची फौज इंग्रज सेनापती वेलस्लीशी लढली. सोळाच दिवसांनी, १५ डिसेंबरला, इकडे चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला आणि किल्लेदार बेनीसिंह कामी आला. फोटो काढण्याचा शोध जगजाहीर झाला १८३९ मध्ये. म्हणजे अडगावला लढलेल्यांतले बहुतेक फोटोचं तंत्र निघण्याआधीच म्हातारे झाले किंवा गेले. गाविलगडचे दरवाजे आणि बुरुज अजून उभे आहेत, चेहरा मात्र एकाचाही नाही. मला ते वाईट वाटत नाही. कोणी त्यांना स्टुडिओच्या पडद्यापुढं उभं तरी केलं नाही.

आता खरी गंमत सांगतो. त्या काळी काचेवर ओलं रसायन लावून फोटो काढत आणि माणसाला काही सेकंद तरी निश्चल उभं राहावं लागे. हललं की चित्र फिसकटलं. म्हणून त्या फोटोंत ढाल दिसते, जमिनीला टेकवलेला भाला दिसतो, म्यानातली तलवार दिसते. दांडपट्टा क्वचितच, आणि दिसला तरी बिचारा वाटतो. काहून? तर पट्टा हे हत्यारच फिरण्याचं. लांबलचक, लवचिक, दुधारी पातं, आणि मूठ म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा. आत आडवी दांडी, ती मुठीत धरायची. मनगट त्यात अडकून पडतं, त्यामुळं सगळा खेळ खांद्याचा, कमरेचा आणि पायांचा. थांबलेला पट्टा म्हणजे आडवा पडलेला भोवरा. २०२४ च्या शिवजयंतीला तो महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, चांगलं झालं. पण भिंतीवर टांगलेला पट्टा पाहून त्यातलं काहीच कळत नाही. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात, शस्त्रांचं दालन आहे, तिथं पोट्टे तलवारींपुढं गर्दी करतात आणि मला तिथंही हेच वाटतं.

ते कळतं आखाड्यात, आणि आपल्या अमरावतीचा मान इथं आहे. अनंत आणि अंबादास या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान आखाडा सुरू केला, तोच पुढं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. तलवारीला परवाना लागत होता, तरी लाठी होती, फरी-गदका होता. एका हातात चामड्याची छोटी ढाल, दुसऱ्या हातात तलवारीच्या जागी चामडं मढवलेली छडी. पाय मात्र तेच, पवित्रा तोच. वस्ताद ज्याला पायांची चाल शिकवतो, त्याच्या हातात पुढं काहीही द्या. १९३६ मध्ये मंडळाचा चमू थेट बर्लिन ऑलिंपिकला गेला. स्पर्धेसाठी नव्हे, प्रात्यक्षिकांसाठी. कबड्डी, मल्लखांब असे आपले खेळ त्यांनी तिथं करून दाखवले. इंग्रजांच्या राज्यातली पोरं हिटलरच्या राजधानीत खेळत होती, हा काळाचा विचित्र योग आहे आणि त्या ऑलिंपिकबद्दल तू मोठी झाल्यावर आणखी पुष्कळ वाचशील. मला इथं एवढंच सांगायचं आहे की तोवर कॅमेरा वेगवान झाला होता. हलणाऱ्या माणसाला 'हलू नकोस' म्हणायची गरज उरली नव्हती.

तेव्हा चेहऱ्यावरच्या मिशा आणि डोळ्यांतली जरब यांच्यावर जाऊ नकोस, ती कोणालाही आणता येते. हात बघ. तलवारीच्या मुठीवर बोटं दबलीत की नुसती टेकलीत? गुडघे किंचित वाकलेत की माणूस झेंडावंदनाला उभा आहे? पायाखाली माती आहे की सतरंजी? आणि तलवार कोणत्या बाजूला लटकतेय तेही बघ. काचेवरच्या काही जुन्या फोटोंत डावं-उजवं उलटं येई. सामुराई तलवार डाव्या कमरेला लावतो, पण फोटोत ती उजवीकडे दिसे. म्हणून काही बहाद्दर फोटोपुरती तलवार मुद्दाम उजवीकडे लावत आणि किमोनोही उलटा नेसत, म्हणजे चित्र सरळ दिसावं. एवढी काळजी घेणारा माणूस मला आवडतो. दुसऱ्यानं उभं केलेला तो नव्हे, आपण कसं दिसायचं ते त्यानं स्वतः ठरवलं.

आता तुझं काम. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत आखाडे निघतील. गर्दीत पुढं घुसू नकोस, पट्टा फिरतो तेव्हा घेराबाहेरच राहायचं. तुझ्या मोबाईलमध्ये संथ गतीचं चित्रण होतं ना, त्यानं पट्ट्यानं निंबू कापणाऱ्याचे पाय घे. पात्याच्या मागं लागू नकोस, ते कुठल्याही कॅमेऱ्यात चमकतंच. नंतर त्या खेळणाऱ्याची परवानगी घेऊन त्याचं नाव, गाव, आखाडा आणि वस्तादाचं नाव वहीत लिहून घे. मुलगी असेल तर तिचंही, हल्ली पुष्कळ पोरी पट्टा फिरवतात. मला पाठवताना नावासकट पाठव, बिननावाचे फोटो माझ्याकडे भरपूर झालेत.

आजी म्हणते, परीक्षा संपली की इकडे ये. चष्म्याचा नंबर वाढलाय, अक्षर मोठं काढत जा.

तुझा,
आबा