पाळणा फिरविणारे हात

दुसऱ्याच्या श्रमांतून मिळणारें सुख भोगावें कीं टाकावें, हा प्रश्न आम्ही वर्गांत अनेकदां चर्चिला आहे. परंतु आमच्या उत्तरांतील उणीव आम्हांस दाखविली ती शेंदुर्णीच्या यात्रेंतील एका पाळणेवाल्यानें.

कार्तिकांत त्रिविक्रमाच्या रथासाठीं जामनेरहून शेंदुर्णीस जाण्याचा आमचा परिपाठ आहे. त्या खेपेस नातू बरोबर होता. यात्रेंत विजेवर चालणारा उंच आकाशपाळणा होता, आणि त्याच्या बाजूलाच चार पेट्यांचा जुना लाकडी रहाटपाळणा. एक पन्नाशीचा मनुष्य तो हातांनीं फिरवीत होता. नातवानें विचारिलें, "आजोबा, ते दमत नाहींत का?" आम्ही ओशाळलों व त्यास घेऊन पुढें निघालों. तोंच मागून हांक आली, "बाबा, माझी कीव आली म्हणून चालले का? पण तुम्ही गेले म्हणजे माझी फेरी बुडाली ना!"

हें साधन फार जुनें आहे. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानें १६२० सालीं, आज बल्गेरियांत असलेल्या प्लोव्हदिव शहरीं, हातानें फिरविले जाणारे असे पाळणे पाहून त्यांचें वर्णन लिहून ठेविलें. आपल्या भाषेंतील 'रहाटपाळणा' हा शब्द तर विहिरीवरच्या रहाटाची आठवण देतो. पाणी वर आणणारें चक्र उत्सवांत माणसांस वर नेऊं लागलें. पुढें १८९३ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत जॉर्ज फेरिस यानें वाफेवर चालणारा २६४ फूट उंचीचा पाळणा उभारिला, आणि फिरविणारा हात बसणाराच्या दृष्टीआड होऊं लागला.

परंतु हात दिसेनासे झाले म्हणून श्रम संपत नाहींत. लोखंडी सांगाडा उभारणारे, उंचावर चढून बोल्ट आवळणारे मजूर असतातच. नातू त्या पाळण्यांत बसता तर आम्हांस लाज वाटली नसती. तेव्हां आमची लाज केवळ डोळ्यांपुरती होती. आणि तिची किंमत मात्र त्या गरिबानें मोजावयाची होती!

कोणी म्हणेल, मग माणसानें बैलासारखें राबतच राहावें काय? मुळींच नाहीं. यंत्रानें त्याचे कष्ट हलके होत असतील तर तें इष्टच आहे. मात्र कष्टांबरोबर भाकरीही जाऊं नये. कोपनहेगनच्या टिव्होली बागेंत १९१४ पासून चालत आलेली लाकडी घसरगाडी आहे. तिच्यावर ब्रेक सांभाळणारा माणूस आजही प्रवाशांबरोबर बसतो. जुनें जतन करणें म्हणजे असें, माणसाच्या कसबासह जतन करणें. आपण मात्र बहुधा लांकूड जपतों व हात विसरतों.

आम्ही परतलों. नातवास पेटींत बसविलें, स्वतःही बसलों. उतरल्यावर घासाघीस न करितां पैसे दिले आणि नातवास म्हटलें, "तुझा प्रश्न आतां यांनाच विचार."

"दमतो ना बेटा," तो हंसून म्हणाला, "म्हणून तर मधून मधून बसतो." आणि पाळण्याला टेकण देऊन तो खरोखरच खालीं बसला. आम्हीही त्याच्या शेजारीं बसलों.