मारका बैल आणि जुना टायर

शास्त्रभाग: अनुवाद २२:८; निर्गम २१:२८, २९



मोशेच्या नियमशास्त्रात घर बांधणाऱ्यास अशी आज्ञा आहे की, त्याने धाब्यास कठडा करावा. नाही तर वरून कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष त्याच्या घरावर येईल. मारक्या बैलाविषयीचा नियमही असाच आहे. बैलाची खोड धन्यास ठाऊक नसेल तर धनी निर्दोष. परंतु ताकीद मिळूनही त्याने बैल आवरला नाही आणि मनुष्य दगावला, तर धनीही दोषी. तात्पर्य हे की, आपल्या वस्तूपासून शेजाऱ्यास होणारा धोका आपल्या हिशेबी धरला जातो.

हल्ली खेड तालुक्यात बैलगाडीचे पुष्कळसे काम ट्रॅक्टरच्या ट्रॉलीकडे आले आहे. जांभ्याचे चिरे, शेणखत, पेंढा हे सर्व तीच वाहते. म्हणून बैलाचा तो नियम आज ट्रॉलीच्या टायरास लावून पाहणे उचित होय.

पहिली गोष्ट ही की, टायराची नक्षी पाहून त्याचे वय कळत नाही. ट्रॉली हंगामात धावते आणि मग अंगणात महिनोन्‌महिने उभी राहते. त्यामुळे नक्षी झिजत नाही, पण रबर ऊन, उष्णता व हवा यांनी आतून कडक होत जाते. रबर टिकावे म्हणून त्यात मिसळलेली द्रव्ये टायर फिरत असताना पृष्ठभागावर येतात. उभ्या टायरास तोही लाभ मिळत नाही. म्हणून न वापरलेला टायर नवाच राहतो, ही समजूत खोटी आहे. आळसात काढलेले दिवसही आयुष्यातूनच वजा होतात.

दुसरी गोष्ट ही की, टायराचा जन्मकाळ सामान्यतः त्याच्या बाजूवर चार अंकांत कोरलेला असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१८’ म्हणजे सन २०१८ चा तेविसावा आठवडा. हे अंक पुष्कळदा एकाच बाजूस असतात. बाहेरून न दिसल्यास वाकून आतील बाजू पाहावी. पाच वर्षे वापर झाल्यावर दरवर्षी जाणत्याकडून तपासणी करावी, आणि बनून दहा वर्षे झालेला टायर नक्षी शाबूत असली तरी काढून टाकावा, असा टायर बनविणाऱ्यांचा सल्ला असतो. ओझ्याच्या ट्रॉलीने इतकीही वाट पाहू नये. बाजूवर भेगा पडल्या, कोठे फुगवटा आला, आतील धागे दिसू लागले किंवा हवा वारंवार उतरू लागली, तर वर्षे मोजीत बसू नये. टायर तत्काळ बदलावा.

समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. पुढे २०२३ मध्ये परिवहन खात्यास तेथे वाहनांचे टायर तपासावे लागले. आमच्या कशेडी घाटाच्या चढउतारावर चिऱ्यांनी भरलेल्या ट्रॉलीचा टायर फुटला, तर मागून येणाऱ्या दुचाकीवरील कुटुंबाने आमचे काय वाईट केले होते?

कोणी म्हणेल, “पाळकसाहेब, टायर महाग आहेत, भातशेतीत मिळते ते किती?” हे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच आहे तो टायर जपावा. ट्रॉली उभी ठेवताना ओझे उतरवावे, आसाखाली ठोकळे द्यावेत, चाकांवर ऊन पडू देऊ नये, हवा योग्य ठेवावी, आणि नव्या टायरासाठी प्रत्येक हंगामात थोडे बाजूस काढावे. भाड्याचा दर ओढून ओढून कमी करणाऱ्यानेही विचार करावा. मालकाजवळ टायराचे पैसे उरू न देण्यात त्याचाही वाटा आहे.

शेवटी एक सूचना. काढलेला टायर आपल्याहून गरीब मनुष्यास स्वस्तात विकणे ही काटकसर नव्हे. तो मारका बैल शेजाऱ्याच्या गोठ्यात बांधणे आहे. असा टायर पुन्हा रस्त्यावर येणार नाही, अशा रीतीने कापून मगच टाकावा.

बंधूंनो, अंक वाचता येऊ लागले की ताकीद मिळाली. आता “मला ठाऊक नव्हते” असे म्हणण्यास जागा उरली नाही. या आठवड्यात आपापल्या ट्रॉलीपाशी जा, वाकून ते चार अंक वाचा, आणि शेजाऱ्याच्या जिवाची किंमत टायराच्या किमतीहून अधिक आहे हे कृतीने दाखवा. ज्याने आम्हांस शेजाऱ्यावर प्रीती करावयास शिकविले, तो प्रभू आम्हांस ही सुबुद्धी देवो. आमेन.