तोटा कुणाच्या खात्यात?

‘अण्णा, शेतीकडे धंदा म्हणून बघा.’ पुण्यात नोकरी लागल्यावर मी वडिलांना हे इतक्यांदा ऐकवलं, की शेवटी ते कृषी विज्ञान केंद्रातलं उद्योजकतेचं प्रशिक्षण घेऊन आले. निफाड तालुक्यात आमची अडीच एकर जमीन आहे, कांद्याची.

परतल्यावर त्यांनी हिशेबाची वही घातली. बियाणं, खतं, औषधं, मजुरी, गाडीभाडं. घरच्या माणसांचीही मजुरी धरा, असं तिथे शिकवलं होतं. आईचे दिवस मोजले तेव्हा कळलं, आजवर आम्ही ज्याला नफा म्हणत होतो, त्यातला बराचसा तिचा न दिलेला रोज होता. एवढ्या एका गोष्टीसाठीही मी त्या प्रशिक्षणाचा ऋणी आहे.

मग ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी लागू झाली. आमचा लाल कांदा नेमका तेव्हाच निघाला होता. भाव पडले. मी फोनवर म्हणालो, ‘थोडं थांबून विकायचा ना!’

अण्णा शांतपणे म्हणाले, ‘अरे, चाळीत टिकतो तो उन्हाळ कांदा. लाल कांदा सडतो.’ बंदी उठली ४ मे २०२४ ला.

माझ्या त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. ऑफिसात सर्व्हर बंद पडला, तर आम्ही माणसाला दोष देत नाही, सिस्टिममध्ये फट कुठे होती ते शोधतो. पगार ठरल्या तारखेला होतोच. अण्णांच्या बाबतीत मात्र मी आधी माणसातच चूक शोधली.

‘उद्योजक’ या शब्दात एक करार असतो: निर्णय तुझा, म्हणून नफा-तोटाही तुझा. शेतकऱ्याला आपण यातला तोटा तेवढा पुरता देतो. काय पेरायचं ते तो ठरवतो. माल देशाबाहेर जाईल की नाही, ते दुसरं कुणी. जे हातातच नव्हतं, त्याची जबाबदारी माणसावर टाकणं न्याय्य कसं?

म्हणून प्रशिक्षण नको, असं नाही. वही आहे म्हणूनच हा प्रश्न नीट विचारता येतो. आता तिच्यात तोट्याचे दोन रकाने आहेत. ‘आपली चूक’मध्ये उशिरा केलेली फवारणी. ‘आपल्या हातात नव्हतं’मध्ये निर्यातबंदी.

‘या दुसऱ्या रकान्याचं बिल कुणाला पाठवायचं?’ अण्णांनी विचारलं.

मी गप्प राहिलो. त्या हिवाळ्यात पुण्यात मी स्वस्त कांदा घेतला होता.