शीव पुसली, गावदेवी कुणाची?

पनवेलकडून मुंब्र्याला जाणाऱ्या महामार्गावर, कळंबोली आणि तळोजा यांच्या मधे रोडपाली आहे. पूर्वेला दूरवर प्रबळगड आणि माथेरानची रांग. जवळून कासाडी नदी पनवेलच्या खाडीकडे जाते. एका अंगाला तळोज्याची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला कळंबोलीचा लोखंड बाजार. गावाभोवतीची जमीन आता सेक्टरच्या आकड्यांनी ओळखली जाते आणि तिथल्या इमारतींत राहायला आलेल्या बहुतेकांसाठी रोडपाली ही पत्त्यातली एक ओळ आहे.

जुन्या मराठी कारभारात गावाचे दोन भाग धरत. घरांची जमीन ती पांढरी, पिकाची ती काळी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ या १९१५ सालच्या पुस्तकात काळीच्या पिकावर पांढरीतला सगळा संसार कसा चालत असे, ते तपशिलानं येतं. या दोन्हींना बांधून घेणारी रेघ म्हणजे शीव. शिवेच्या आतलं सगळं ग्रामदैवताच्या राखणीतलं, मग ते माणूस असो, गुरं असोत की उभं पीक.

पनवेलच्या खाडीपट्ट्यात या राखणीला फार व्यावहारिक अर्थ होता. इथली खाजणं खारी. भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं, पावसाळ्यात जमिनीतलं मीठ धुऊन जाऊ द्यायचं आणि मग भात लावायचा. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं अशाच जमिनीसाठी ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ या भाताच्या जाती काढल्या. मात्र बांध एकट्या शेतकऱ्याच्या बळावर टिकत नाही. तो एका जागी फुटला की खारं पाणी शेजाऱ्याच्याही शेतात शिरतं आणि दोघांचंही वर्ष वाया जातं. त्यामुळे बांधाची डागडुजी सगळ्यांनी मिळून करायची, आणि जत्राही सगळ्यांनी मिळून. गावकी ही दोन कामं वेगळी मानत नव्हती.

मग काळीच गेली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी करायचं ठरलं. जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोबदल्याच्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. पुढे १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली, रोडपाली तिच्या हद्दीत आली आणि ग्रामपंचायतीचा कारभार संपला. शेत गेलं, पंचायत गेली, सातबाऱ्यावरची शीव सेक्टरच्या रस्त्यांखाली गाडली गेली. उरलं ते गावठाण, म्हणजे पांढरी.

अशा जागी गावदेवी कुणाची, हा प्रश्न वरवर भावनेचा वाटतो, पण तो धर्मविचारातला खरा पेच आहे. मराठी माणसाची दैवतं दोन वेगळ्या नात्यांनी बांधलेली असतात. कुलदैवत रक्ताबरोबर चालतं. रोडपालीच्या आसपासच्या आगरी-कोळी घरांची एकवीरा कार्ल्याच्या डोंगरात आहे. घर कुठंही गेलं तरी चैत्रात पाय तिकडेच वळतात. कुलदैवताला पत्ता बदलल्यानं काही होत नाही. ग्रामदैवताचं तसं नाही. त्याचं नातं वंशाशी नसून मातीशी आहे. शिवेत जो राहतो तो त्याचा, मग त्याचं आडनाव, जात आणि मूळ मुलूख काहीही असो. परगावहून येऊन स्थायिक झालेला बलुतेदारही याच न्यायानं गावदेवीला नारळ फोडत आला.

हा न्याय मानला तर साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरच्या इमारतीत सातव्या मजल्यावर भाड्यानं राहणारं सोलापूरचं किंवा बिहारचं कुटुंबही गावदेवीच्याच राखणीत येतं. कुटुंबाला तिचं नाव ठाऊक नसेल. देवीच्या बाजूनं त्यानं फरक पडायचं कारण नाही.

याला मोठा दाखला मुंबईत आहे. मुंबादेवी ही कोळ्यांची देवी. तिचं जुनं देऊळ आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात होतं. अठराव्या शतकात इंग्रजांच्या कोटाच्या कामासाठी ते तिथून हललं आणि देवी भुलेश्वरच्या बाजूला आली. जागा बदलली, भोवतीची वस्ती ओळखू न येण्याइतकी बदलली, तरी देवी पुसली गेली नाही. तिच्या नावानं अख्खं शहर ओळखलं जातं. उजनीच्या जलाशयात याच्या उलट घडलं. तिथं पळसदेवचं गाव उठून काठावर गेलं आणि पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्यात राहिलं. धरणाची पातळी खाली गेली की शिखर वर येतं आणि लोक पाहायला जातात. एकीकडे देवी माणसांच्या गर्दीत राहिली, दुसरीकडे देऊळ माणसांवाचून राहिलं.

रोडपालीपासून फार लांब नसलेल्या नवी मुंबई विमानतळाच्या जागेवर तिसरी तऱ्हा झाली. उलवे, कोपर, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे अशी दहा गावं उठली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या विमानतळाचं उद्घाटन झालं. तिथं माणसं गेली आणि मातीही ओळखीची राहिली नाही. उलव्याची टेकडीच कापली गेली. त्या मानानं रोडपालीची पांढरी जागेवर आहे. म्हणून इथला प्रश्न स्थलांतराचा नाही, वाटणीचा आहे.

त्या वाटणीत एक अन्याय लपलेला आहे आणि तो नजरेआड करणं बरोबर नाही. देवी सगळ्यांची म्हणणं सोपं. ज्यांची शेतं गेली त्यांच्याकडे पालखीचा मान एवढंच उरलं असेल, तर तोही सगळ्यांचा करून टाकायचा का? नव्या रहिवाशानं तो मागू नये. मानकऱ्यांचा मान काळीच्या बदल्यातला आहे. तो ना पैशानं आला, ना भूखंडानं. नव्या रहिवाशाला राखण मिळते, मान मिळत नाही, आणि जुन्या गावकीतही बाहेरून आलेल्याची रीत साधारण अशीच होती.

पण राखण मिळते त्या अर्थी कामही अंगावर येतं. पूर्वी ते बांधाचं होतं. आज बांधाच्या जागी कासाडी आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याच्या कारखान्यातलं रंगाचं सांडपाणी नदीत आलं आणि त्यात उतरलेली भटकी कुत्री निळी झाली. ती छायाचित्रं जगभर पोहोचली. देवीचं क्षेत्र म्हणजे माती असेल तर त्या मातीतून वाहणारं पाणी त्याबाहेर कसं राहील? ओटी भरून झाल्यावर गावठाणातला मानकरी आणि सेक्टर १७ मधला भाडेकरू नदीच्या तक्रारअर्जावर एकाखाली एक सही करतील, तर ती जुन्या बांधाचीच डागडुजी ठरेल.